मरळीच्या रॉडवर करवत काठ: धागाकामाच्या नोंदी

६ ऑक्टोबर

ब्लँक, म्हणजे मासेमारीच्या रॉडची नुसती दांडी, आला. ७ फुटी, दोन तुकड्यांचा, ग्रॅफाइटचा, मिडियम-हेवी म्हणजे मध्यमपेक्षा जरा ताठ. रॉड मामांसाठी बांधायचा आहे. मामा भंडाऱ्याकडचे. गावच्या मालगुजारी तलावावर मच्छीमार संस्थेची परवानगी काढून ते मरळीसाठी रबरी बेडूक फेकतात. हे तलाव गोंड राजवटीत कोहळी लोकांनी बांधलेले, आता कडेला कमळ आणि गवत माजलेलं. मरळ त्या गवतात दबा धरून असते, बेडकावर झेपावते आणि गळ लागला की पुन्हा गवतातच घुसते. म्हणून रॉडला खालून दम हवा आणि टोक हलकं हवं, कारण सकाळभर फेकणं आणि ओढणं सुरूच असतं.

सजावटीचा हिशोब मी इथूनच मांडते. धागा आणि त्यावरचा एपॉक्सी, म्हणजे काचेसारखा कडक होणारा लेप, हे शेवटी वजनच. ग्रॅमभर वजन मुठीजवळ असलं तर हाताला कळत नाही. तेच टोकाकडे असलं तर फेक झाल्यावर टोक उगाच थरथरत राहतं आणि बेडूक चार हात अलीकडे पडतो. टोकापर्यंत नक्षी केलेले रॉड मी पाहिले आहेत. ते भिंतीवर छान दिसतात, पण पाण्यावर मंद होतात. त्यामुळे वरच्या गाइडांना, म्हणजे दोरी ओवायच्या कड्यांना, धागा फक्त धरण्यापुरता, आणि जी हौस करायची ती मुठीच्या लगेच वरच्या पट्ट्यात.

नक्षी मात्र ठरली आहे: करवत काठ. मामींकडे त्यांच्या लग्नातली टसरची साडी आहे, अंग मधाच्या रंगाचं आणि काठ गर्द मरून. जिथे काठ अंगाला भेटतो तिथे करवतीसारखे दाते. हे विदर्भाचंच विणकाम. डावा काठ, अंग आणि उजवा काठ असे तीन वेगळे धोटे चालवून विणतात, म्हणून काठाचा रंग अंगात सांडत नाही. तोच काठ गोल ब्लँकवर आणायचा आहे.

९ ऑक्टोबर

स्पाइन, म्हणजे ब्लँकची जास्त ताठ बाजू, शोधला. ब्लँकचा खालचा भाग गुळगुळीत फरशीवर टेकवायचा, वरचं टोक तळहातावर धरायचं, मधे हलकं दाबून वाकवायचं आणि फिरू द्यायचं. तो आपणहून एका बाजूला वळून थांबतो. तिथे पांढऱ्या पेन्सिलने रेघ. दोन्ही तुकड्यांवर वेगवेगळं तपासलं.

गाइडांचा ढोबळ नियम असा की जितके फूट त्यापेक्षा एक जास्त. म्हणजे ८ गाइड आणि वर टिप-टॉप, म्हणजे अगदी टोकाची कडी. हा कास्टिंग रॉड असल्याने रील आणि गाइड दोन्ही वरच्या बाजूला येतात, आणि रॉड वाकला की दोरी ब्लँकला घासण्याची भीती असते. गाइड टेपने चिकटवले, दोरी ओवली, टोकाला वजन बांधून रॉड पूर्ण वाकवला. चौथ्या आणि पाचव्या गाइडच्या मधे दोरी ब्लँकला टेकत होती. पाचवा थोडा खाली सरकवला, मग सगळीकडे अंतर सुटलं.

१४ ऑक्टोबर

धाग्यासाठी नागपूरचा इतवारी बाजार. रॉडचा खास नायलॉन धागा मी आधीच मागवलेला आहे, ए साइज म्हणजे बारीक आणि डी म्हणजे जाड. समुद्रातल्या दणकट रॉडांवर डी ठीक असतो, बारीक नक्षीला ए. पण इथल्या भरतकामाच्या धाग्यांत जे रंग मिळतात ते त्या मोजक्या रिळांत नाहीत, म्हणून नमुने घ्यायला गेले.

दुकानदारांनी विचारलं, "ताई, रेयॉन पायजे का पॉली?" दोन्ही घेतले. रेयॉनला चमक सुंदर, पण ओला झाला की त्याचा दम जातो, आणि ताण देऊन गुंडाळताना तो मधेच तुटतो. मशीन भरतकामाचा पॉलिस्टर धागा जास्त टिकाऊ. टसरचं सूतही थोडं मिळालं. ते हातात धरलं की लगेच कळतं: जाडी एकसारखी नाही, मधेच गाठ, मधेच चपटं. विदर्भात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरचे किडे पाळतात, त्या कोशांचं हे सूत. रॉडवर ते चालेल का, हे पाहायची मला फार उत्सुकता होती.

जर घेतली नाही. खरी जर काळी पडते. कडेच्या बारीक रेघेसाठी प्लास्टिक पत्रीचा सोनेरी धागा घरात आहे.

१७ ऑक्टोबर

रंगाची चाचणी. ही पायरी गाळू नये, कारण रिळावरचा रंग आणि एपॉक्सीखालचा रंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नायलॉनच्या तंतूंमधे हवा असते, म्हणून धागा अपारदर्शक दिसतो. एपॉक्सी त्या हवेची जागा घेतो. नायलॉन आणि एपॉक्सी, दोघांचा अपवर्तनांक जवळजवळ सारखाच, १.५ च्या थोडा वर, त्यामुळे प्रकाशाला धाग्याची कडच सापडत नाही. धागा काचेसारखा होतो आणि खालचा काळा ग्रॅफाइट वर दिसू लागतो.

जुन्या ब्लँकच्या तुकड्यावर पट्टे गुंडाळले आणि एपॉक्सी लावला. साधा मरून नायलॉन काळपट झाला, दोन हातांवरून तर काळाच. त्याच धाग्यावर आधी कलर प्रिझर्व्हर, म्हणजे एपॉक्सीला धाग्यात मुरू न देणारं द्रव, लावलेला पट्टा मूळ रंगाचा राहिला. एनसीपी धागा, म्हणजे ज्याला प्रिझर्व्हर लागतच नाही असा, तोही तसाच राहिला, फक्त चमक कमी. इतवारीचा पॉलिस्टर एक छटा गडद झाला, पण टिकला.

टसरचा पट्टा मात्र पूर्ण गेला. काळ्यावर काळा. मग पांढऱ्या एनसीपी धाग्याचा थर खाली देऊन त्यावर टसर गुंडाळला, आणि तो मधाइतका पारदर्शक, आतून उजळलेला दिसला. १९ व्या शतकातल्या चिरलेल्या बांबूच्या रॉडांवर रेशीमच असायचं. त्या काळचा सरस पाण्याने सुटायचा, म्हणून बांबूच्या पट्ट्या धरून ठेवायला ठिकठिकाणी रेशमाचे वेढे घालत. वॉर्निशखाली ते रेशीम असंच पारदर्शक व्हायचं, फक्त त्याच्या खाली बांबूचा उजळ रंग होता. ग्रॅफाइटला तो उजेड आपण द्यावा लागतो.

निर्णय: नक्षीच्या दोन्ही टोकांना पांढऱ्या थरावर टसरचा एकेक पट्टा. नक्षीचा मुख्य धागा मधाच्या रंगाचा एनसीपी, काठ मरून एनसीपी.

२१ ऑक्टोबर

आज फक्त कागद, पट्टी आणि आकडे.

मुठीच्या वरच्या भागातली नेहमीची नक्षी क्रॉस रॅपची. धागा तिरका वर चढवत न्यायचा, तसाच उलट तिरका खाली आणायचा. जिथे वरचा आणि खालचा एकमेकांना छेदतात तिथे हिऱ्याचा आकार सुरू होतो. मग पहिल्या धाग्याच्या दोन्ही बाजूंनी रंग वाढवत गेलं की हिरा, एकाच बाजूने वाढवत गेलं की बाणाची शेपटी. दिसायला भारी आणि करायला तुलनेने वेगवान.

पण करवतीला ते जमत नाही, आणि कारण भूमितीत आहे. माझ्या ब्लँकचा तिथला व्यास १२ मिमी, म्हणजे घेर सुमारे ३७.७ मिमी. धागा ४५ अंशांत चढवला तर एका फेऱ्यात तो घेराइतकाच वर जातो. म्हणजे एका रेषेवरच्या दोन हिऱ्यांमधे ३७.७ मिमी अंतर. दुसरा धागा समोरच्या बाजूने सुरू केला तर ते निम्मं होतं, १९ मिमीच्या आसपास. आणखी धागे वाढवले तर आणखी कमी. पण साडीतला दाता ३-४ मिमीचा. इतका बारीक करायचा तर १० तरी धागे एकाच वेळी चढवावे लागतील, आणि प्रत्येक छेदावर थर साचून उंचवटे येतील. त्यावर एपॉक्सी कधीच सपाट बसत नाही.

म्हणून विणकाम. यात ब्लँकच्या लांबीने धागे अंथरायचे आणि मरून धागा गोल गुंडाळत जायचा. प्रत्येक वेढ्याला ठरवायचं की लांबीचे कोणते धागे वर राहतील आणि कोणते वेढ्याखाली दडतील. ताणा लांबीचा, बाणा गोल. हा हातमागच आहे, फक्त कापड ब्लँकला चिकटून तयार होतं.

पट्टीवर मरून धागा शेजारी शेजारी बसवून मोजला. १ सेंमीत ६२ वेढे. त्यावरून आलेखाच्या कागदावर नक्षी आखली. लांबीचे धागे ४१. त्यातले कडेचे १०-१० दोन बाजूंच्या दात्यांसाठी, मधले २१ साडीच्या अंगासाठी. एक दाता २० वेढ्यांचा: सगळ्यात कडेचा धागा १९ वेढे दडतो, त्याच्या आतला १७, मग १५, असं करत दहावा धागा फक्त १ वेढा दडतो. मरून त्रिकोण आपोआप उठतो. ३६ दाते म्हणजे ७२० वेढे, लांबी साडेअकरा सेंमीच्या थोडी वर. मुठीवर एवढी पट्टी शोभते.

२६ ऑक्टोबर

कागदावर एक अडचण राहिली होती. मधले २१ धागे नक्षीभर वरच राहिले तर ते साडेअकरा सेंमी कुठेच बांधलेले नसणार. एपॉक्सी लागेपर्यंत ते ढिले पडून एकमेकांवर चढतील.

पाचपावलीत आमच्या ओळखीचे एक म्हातारे विणकर आहेत. आता माग नाही चालवत, पण नजर तीच. आलेख त्यांना दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, मधल्या मोकळ्या भागावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे अंग रिकामं काहून सोडलं बाई? धागा इतका मोकळा सोडला का अडकते. मधात बांधत जाय. बुट्टी टाक, बुट्टी."

बुट्टी! दर सहाव्या वेढ्याला मरून धागा एकाआड एक धाग्यांवरून न्यायचा, आणि पुढच्या सहाव्याला उरलेल्यांवरून. ताणा बांधला जातो आणि अंगावर मरून ठिपक्यांची आडवी-तिडवी पेरणी दिसते. साडीतली बुट्टी शोभेसाठी असते असंच मी समजून चालले होते. काकांनी ज्या सहजतेने ती सुचवली त्यावरून विणकराच्या डोक्यात शोभा आणि बांधणी वेगळ्या नसतात हे दिसलं. आलेख पुन्हा आखला.

२ नोव्हेंबर

गाइडांचे पाय घासले. कारखान्यातून येतात तेव्हा पायाचं टोक बोथट असतं आणि खालच्या बाजूला बारीक धार राहिलेली असते. ती धार दाबाखाली ग्रॅफाइटला चिरते, तर बोथट टोकावर धागा चढताना फट पडते. सुईसारख्या कानशीने टोक पातळ उतरतं केलं, खालून पॉलिश पेपर फिरवला, नख ओढून पाहिलं. नख अडलं नाही तर धागाही अडत नाही.

वरच्या गाइडांची गुंडाळणी याच आठवड्यात उरकली. ताणासाठी धागा जाड पुस्तकाच्या पानांतून ओढून घेते, वर वजन कमी-जास्त करता येतं. ताण इतकाच हवा की बांधून झाल्यावरही गाइड अंगठ्याने किंचित सरकवून दोरीच्या रेषेत आणता यावा. सुरुवात ब्लँककडून पायाकडे. शेवटचे सात-आठ वेढे राहिले की दुहेरी धाग्याचा फास ठेवायचा, त्यावरून वेढे पूर्ण करायचे, टोक फासात घालून आत ओढायचं आणि नव्या ब्लेडने कापायचं. मग गुळगुळीत चमच्याच्या दांड्याने वेढे घोटून फटी मिटवल्या.

वरचे सगळे गाइड नुसते मरून. मुठीकडच्या पहिल्या दोघांना फक्त चार वेढ्यांची सोनेरी कड. पत्रीचा धागा घोटू नये, पत्री सुटते.

१६ नोव्हेंबर

विणकाम सुरू. आधी १२ मिमीच्या पाइपवर दोन दाते काढून हात बसवला, मग ब्लँकवर.

४१ धागे अंथरणं हेच निम्मं काम. खालच्या टोकाला सगळे शेजारी शेजारी मरून वेढ्यांखाली बांधले, वरच्या टोकाला केसांच्या बारीक फणीच्या दातांत अडकवून टेपने धरले. मागावरही ताणा फणीतूनच येतो, त्यामुळे ही युक्ती शोधावी लागली नाही. मग कामाची चाल अशी: आलेखातली ओळ वाचायची, जे धागे दिसायचे ते बोथट सुईने उचलून मागे वळवायचे, मरून धाग्याचा एक वेढा घालायचा, उचललेले पुन्हा खाली अंथरायचे, नखाने वेढा आधीच्या वेढ्याला भिडवायचा, आलेखावरची पट्टी एक ओळ सरकवायची. पुढची ओळ.

दिवसाउजेडी खिडकीजवळ बसले तरच मरून आणि मध वेगळे दिसतात. ट्यूबलाइटखाली दोन्हीचा एक रंग होतो. पहिला दाता पूर्ण झाला तेव्हा भिंगाखाली पाहिला. त्रिकोणाची कड पायऱ्यापायऱ्यांची आहे, प्रत्येक पायरी एका धाग्याची. भिंग काढलं की पायऱ्या विरतात आणि सरळ तिरकी धार उरते. साडी भिंगाखाली धरली, तिथेही अशाच पायऱ्या.

२९ नोव्हेंबर

विणकाम पूर्ण. शेवटी ताण टिकवणं सगळ्यात कठीण जातं, कारण लांबीचे धागे जसजसे खाली-वर जातात तसतसे ते वेगवेगळ्या प्रमाणात आखूड होतात. दर दोन दात्यांनंतर फणीतून प्रत्येक धागा सोडून पुन्हा ओढून घेतला, म्हणून अंग सपाट राहिलं.

दोन्ही टोकांना पांढरा थर आणि वर टसर. टसराच्या गाठी निवडून काढल्या नाहीत. त्या गाठींमुळेच ते टसर दिसतं.

विणलेल्या भागावर कलर प्रिझर्व्हरचा एक हात दिला. धागे एनसीपीच आहेत, पण त्यामुळे सगळे धागे जागच्या जागी चिकटतात. टसरला मुद्दाम लावला नाही.

१३ डिसेंबर

एपॉक्सी. नागपुरात या कामाचं हवामान जपून निवडावं लागतं. मे महिन्यात ४५ अंशांत मिश्रण ब्रशवरच घट्ट होऊ लागतं. पावसाळ्यात दमट हवेने वर चिकट, दुधी साय येते. थंडीत हवा कोरडी असते, पण रात्री पारा १२ अंशांच्या खाली गेला की मिश्रण घट्ट राहतं आणि बुडबुडे आतच अडकतात. दोन्ही बाटल्या कोमट पाण्यात ठेवल्या, बाहेरून नीट पुसल्या आणि दुपारीच काम केलं.

प्रमाण मापाने १ ला १. मोजायला रबरी दट्ट्याची सिरिंज वापरत नाही. त्यावर सिलिकॉनचं तेल असतं, आणि सिलिकॉनचा अंश गेला की एपॉक्सी तिथून पळतो, खड्डे राहतात. साधी पूर्ण प्लास्टिकची सिरिंज. सावकाश ढवळून मिश्रण लगेच अॅल्युमिनियमच्या फॉइलवर पसरवलं. भांड्यात साठून राहिलं की ते स्वतःच्या उष्णतेनेच लवकर घट्ट होतं.

रॉड फिरवायला मायक्रोवेव्हच्या थाळीची मोटर लावली आहे, मिनिटाला ५-६ फेरे. पहिला हात पातळ, तो धाग्यात मुरण्यासाठी असतो. पंधरा मिनिटांनी स्पिरिटच्या दिव्याची ज्योत खालून झरकन फिरवली, बुडबुडे वर येऊन फुटले. ज्योत थांबवायची नाही, नाहीतर धागा करपतो. टसर पाहता पाहता उजळत गेला, पांढरा थर खालून वर आला, आणि मरून करवत तशीच ठाम राहिली.

वरच्या गाइडांना हा एकच हात. तिथे दुसरा लागत नाही, गरजेपुरतं झालं.

१५ डिसेंबर

नक्षीच्या पट्ट्यावर हलका पॉलिश पेपर आणि दुसरा हात. नख फिरवलं तर विणीचा खडबडीतपणा आता लागत नाही. आठवडाभर तसाच टांगून ठेवला. वरून कोरडा वाटला तरी आतून पूर्ण कडक व्हायला वेळ लागतो.

२८ डिसेंबर

रॉड मामांच्या हाती दिला. त्यांनी आधी नक्षीकडे पाहिलंच नाही. रील लावलं, अंगणातून रस्त्याकडे बेडूक फेकला, टोकाकडे नजर ठेवली, पुन्हा फेकला. "टोक थांबते लवकर," म्हणाले. मला हवं होतं ते हेच वाक्य. मग रॉड उन्हात आडवा धरला आणि मामींना हाक मारली, "अवं, इकडं ये, तुह्या साडीचा काठ पाय."

मामींनी साडी आणून शेजारी धरली. मरून जुळतो. मधाचा रंग रॉडवर किंचित गडद आहे, टसरचा पट्टा मात्र साडीपेक्षाही उजळ. मामी म्हणाल्या की साडीतले दाते लांबट आहेत, रॉडवरचे बसके. त्यांचं निरीक्षण बरोबर आहे. २० वेढ्यांना १० धागे म्हणजे पाया रुंद आणि उंची कमी. साडीच्या प्रमाणासाठी दाता १४ धागे खोल हवा, आणि त्यासाठी लांबीचे धागे ४९ तरी लागतील. घेरात तेवढी जागा आहे.

दुपारी तलावावर गेलो. गवताच्या कडेला दोन मरळींनी बेडूक हेरला, एक लागली. मामांनी ती दमाने काढली, रॉड टोकापासून मध्यापर्यंत वाकला, दोरी ब्लँकला कुठेच टेकली नाही. विणलेल्या पट्ट्यावर संध्याकाळी भिंग फिरवलं. एपॉक्सीला तडा नाही, कडेला पांढरी रेघ नाही.

मामांच्या सोबतच्या धिवर काकांनाही असा रॉड हवा आहे, पण नक्षी नको, फक्त त्यांच्या आजोबांच्या जाळ्याच्या गाठीसारखी एक खूण हवी. जाळ्याची गाठ क्रॉस रॅपमधे बसेल, १९ मिमीच्या हिऱ्यात. ब्लँकचा व्यास कळला की आलेख आखायला घेते.